कच्चा सांधा

तपासनिसानं दोन पाइपांच्या मध्ये पोलादी पट्टी टेकवली, आकडा वाचला आणि त्याचं तोंड कडू झालं. अंतर बरोबर होतं.

त्यानं पट्टी बाहीला पुसली आणि पुन्हा टेकवली. आकडा तोच. काँक्रीटच्या पोटातून शेजारी शेजारी जाणाऱ्या विजेच्या दोन पाइपांमध्ये पाइपाच्या जाडीच्या निदान तिप्पट अंतर हवं, हा नियम त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता. इथं तिप्पट तर होतंच, वर बोटभर जास्त होतं.

"जास्त ठेवलंय," तो म्हणाला.

"जास्त चालतं ना, बाबा?" दारात उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं.

"चालायला काय, हल्ली सगळंच चालतं."

नोकरीतून निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती, पण त्याच्या भुवयांना ती बातमी अजून कुणी कळवली नव्हती. विद्युत खात्यात अडतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधल्या. त्याला पाहिलं की ठेकेदारांची तंतरायची. स्वतः मात्र त्यानं आयुष्यात घरातला बल्बसुद्धा बदलला नव्हता. ते काम बायको करायची, आणि ती गेल्यावर शेजारचे कुणीतरी. पण चुका काढायला बल्ब बदलता यावा लागतो, असं नियमात कुठं लिहिलंय?

खोली तळमजल्यावरची होती, गल्लीला लागून. मुलगी दातांची डॉक्टर, आणि हा तिचा स्वतःचा पहिला दवाखाना. जुनी फरशी उखडून जमीन खणली होती. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर सळ्यांची जाळी, आणि जाळीला तारेनं बांधलेले चार पाइप. चारही पाइप भिंतीतल्या बोर्डापासून निघून खोलीच्या मधोमध, जिथं पेशंटची खुर्ची येणार होती, तिथल्या विजेच्या डब्यात शिरत होते. तासाभरात या सगळ्यावर पाच इंच काँक्रीट पडणार होतं. एकदा ते पडलं की आत काय चुकलंय ते देवालाही दिसायचं नाही, आणि दिसलंच तर जमीन फोडून दिसायचं.

पाइप टाकले होते जावयानं. जावई वायरमन होता. एवढं साधं वाक्य तपासनिसाला चार वर्षांत एकदाही धड म्हणता आलं नव्हतं. कुणी विचारलं, "जावई काय करतात?" तर तो म्हणायचा, "इलेक्ट्रिकलमध्ये आहेत," आणि घाईघाईनं रस्त्यावरच्या खड्ड्यांचा विषय काढायचा. ज्या लोकांना त्यानं अडतीस वर्षं उन्हात उभं करून फैलावर घेतलं, त्यांच्यातलाच एक उचलून पोरीनं घरात आणून बसवला. डॉक्टर झालेल्या पोरीनं! तेव्हापासून तो जावयाशी थेट एक शब्द बोलला नव्हता. दर रविवारी मुलीकडे जेवायला जायचा, पण जेवताना "त्याला सांग, मीठ सरकव," असं तिला सांगायचा, आणि जावई दीड हातावर बसलेला असायचा. शहाणपणाचा हा नमुना तो चार वर्षं इमानेइतबारे दाखवत आला होता.

मागच्या रविवारी मुलीचा धीर सुटला. ताट बाजूला सारून ती म्हणाली होती,

"बास झालं, बाबा. काँक्रीट पडायचं त्या दिवशी या आणि त्याचं काम तपासा. एक चूक काढलीत, खरी चूक, तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. नाही सापडली, तर त्याच्याशी माणसासारखं बोलायचं. ते जमणार नसेल तर माझ्याकडे यायचं बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद."

मुलगी आईवर गेली होती. बोलली की बोलली. तपासनिसाच्या आठवड्यात रविवार हा एकच दिवस उरला होता, बाकीचे सहा तो पेपर वाचून कसेबसे ढकलायचा. तरी त्यानं चटकन हो म्हटलं. बिनचुकीचं काम त्यानं अडतीस वर्षांत पाहिलं नव्हतं, ते आता या दीडशहाण्याच्या हातून होणार होतं होय? त्या रात्री तो चक्क शीळ घालत घरी गेला होता.

आणि आज तासभर झाला तरी हातात भोपळा.

"त्याला विचार, टोकं उघडी का ठेवलीत?"

"उघडी नाहीत, बाबा. टोपणं बसवलीत, वर चिकटपट्टी आहे."

तपासनिसानं वाकून पाहिलं. होती.

"दर तीन फुटांवर बांधलंय का म्हणावं जाळीला?"

"दोन फुटांवर," जावई म्हणाला. तो फळीच्या दुसऱ्या टोकाला उकिडवा बसला होता. "काँक्रीट पडताना पाइप वर तरंगतो. म्हणून जवळ जवळ बांधलंय."

"मी त्याला विचारलं नव्हतं."

"मग कुणाला विचारलं होतंत?" मुलगी म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

तपासनिसानं तिकडे लक्ष दिलं नाही. तो वळणं मोजत होता. बोर्डापासून डब्यापर्यंत काटकोनातली चारच वळणं चालतात, पाचवं आलं की आतून तार ओढताना ती अडते. पहिल्या पाइपाला तीन होती. दुसऱ्याला तीन. तिसऱ्याला आणि चौथ्याला दोनच. त्यानं बोट ठेवून पुन्हा मोजली, शाळेतल्या पोरासारखी ओठ हलवत. दोनच.

दारात काँक्रीटवाल्यांचा मुकादम येऊन उभा राहिला. त्याच्यामागे गल्लीत गाडीचं पिंप घरघर फिरत होतं.

"साहेब, गाडी येऊन अर्धा तास झाला. माल घट्ट झाला तर मी जबाबदार नाही."

"जबाबदारी मला शिकवू नका. तुमच्यासारखे छप्पन्न बघितलेत."

"बघितले असतील. माल थांबत नाही, एवढंच सांगतो," मुकादम म्हणाला आणि दाराच्या चौकटीला टेकून मजा बघायला लागला. फुकटची करमणूक कुणाला नको असते?

तपासनिसाच्या कानशिलावरून घाम ओघळला. आता भिंतीकडचा एक कोपरा तेवढा राहिला होता. पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, की तिथंही काही निघालं नाही तर? पुढच्या रविवारी मुलीकडे जायचं, आणि या माणसाला, याला, 'काय म्हणताय, कसं चाललंय' असं विचारायचं? नाहीतर घरी बसून एकट्यानं जेवायचं? त्यानं कोपऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिथं चूक नसेल तर तिनं आत्ताच्या आत्ता हजर व्हावं.

पाइपांवर पाय पडू नये म्हणून जावयानं जाळीवर फळ्या टाकल्या होत्या. त्या कोपऱ्यापर्यंत फळी पोचत नव्हती.

"बाबा, थांबा. फळी सरकवतो," जावई उठत म्हणाला.

"त्याला सांग, तो पाळण्यात होता तेव्हापासून मी सळ्यांवरून चालतोय."

आणि साहेब चालले. एक सळी, दुसरी सळी. तिसरी ओली होती. टाच सटकली आणि अख्खा भार पाइपावर आला. कट्ट असा आवाज झाला. नेमका त्याच वेळी गल्लीत काँक्रीटचा पंप सुरू झाला, त्यामुळे तो आवाज एकट्या तपासनिसालाच ऐकू आला.

त्यानं खाली पाहिलं. जिथं दोन पाइप कपलरनं, म्हणजे वरून बसवलेल्या आखूड नळीनं, जोडले होते, त्या सांध्याला लागून पाइप उभा फुटला होता. भेगेत करंगळी गेली असती. काँक्रीटचं पाणी आत शिरलं असतं, शिरून दगड झालं असतं, आणि डॉक्टरीणबाईंची नवी कोरी खुर्ची विजेवाचून नुसती बसायच्या कामाची उरली असती.

एखाद्या साध्या माणसानं अशा वेळी काय केलं असतं? 'अरे बापरे, माझा पाय पडला,' म्हटलं असतं आणि दहा मिनिटांत विषय मिटला असता. पण हे पडले तपासनीस. यानं आधी दाराकडे पाहिलं. मुलगी मुकादमाला काहीतरी विचारत होती. जावई पाठमोरा होऊन फळी उचलत होता. मग यानं पाय अलगद उचलला, शेजारच्या कोरड्या सळीवर ठेवला आणि घसा खाकरला.

"सापडली," तो म्हणाला.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी त्याला आनंद झाला.

"काय सापडली?" मुलगी वळली.

"चूक. या, या, बघा तुमच्या कारागिराची कमाल. पाइप फुटलाय. हा असाच काँक्रीटखाली गेला असता. चांगलं झालं मी आलो."

मुलीचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. जावयानं फळी खाली ठेवली, सळ्या चुकवत कोपऱ्यात आला आणि उकिडवा बसला. पाइपावर, भेगेच्या जरा वर, टाचेच्या आकाराचा तांबड्या चिखलाचा ठसा होता. गल्लीत तसला चिखल होता, खोलीत नव्हता. जावयानं तो ठसा पाहिला. मग मान न उचलता तपासनिसाचे काळे बूट पाहिले. मग त्यानं अंगठ्यानं तो चिखल पुसून टाकला. काही घाई न करता, जाता जाता पाइप पुसावा तसा.

"हो," तो म्हणाला. "सांधा कच्चा राहिला माझा. चिकटवायचं सोल्युशन कमी पडलं असणार. सुटला."

"काल तर तू दोनदा तपासलंस," मुलगी म्हणाली.

"राहतं एखादं."

मुलीनं वाकून ती भेग पाहिली. मग तिनं मनगटानं नाक पुसलं.

"ठीक आहे, बाबा. चूक निघाली. मी शब्द दिला होता, पुन्हा हा विषय काढणार नाही. तुम्ही या रविवारी नेहमीसारखे."

झालं. जिंकला. आता दर रविवारी यावं, जेवावं, मुलीच्या तोंडून मीठ मागावं, मरेपर्यंत. एवढं मिळाल्यावर एखादा गप्प घरी गेला असता.

पण एक शब्द तपासनिसाच्या कानात जाऊन बसला आणि निघेना. कच्चा. सांधा कच्चा असता तर पाइप कपलरमधून निसटला असता. निसटला नव्हता. कपलर जागच्या जागी होता, केसभर हलला नव्हता, आणि पाइप त्याच्या बाहेर फुटला होता. म्हणजे सांधा पाइपापेक्षा मजबूत होता. असले सांधे अडतीस वर्षांत त्यानं बोटांवर मोजण्याइतके पाहिले होते. आणि ज्यानं तो केला तोच माणूस चार लोकांत त्याला कच्चा म्हणत होता. त्याच्या बुटांकडे बघून म्हणत होता! म्हणजे दया आली होती याला. एका वायरमनला, तपासनिसाची दया.

"खोटं!"

तो एवढ्या जोरात ओरडला, की मुकादम चौकट सोडून दोन पावलं मागे गेला.

"अरे माठ्या, डोळे फुटलेत का तुझे? हा कच्चा सांधा? कच्चा सांधा असा असतो? कपलर बघ, हललाय का? ओढून बघ! ओढ!"

जावई त्याच्याकडे बघतच राहिला.

"बाबा, जाऊ द्या ना," जावई म्हणाला.

"जाऊ द्या काय? सोन्यासारखं काम करायचं आणि आपल्याच तोंडानं त्याला शेण म्हणायचं? कुणी शिकवलं तुला हे? माझ्या खात्यात असतास तर खोटा जबाब दिला म्हणून त्याच दिवशी घरी पाठवला असता! पाय पडला माझा. माझा! हा बघ, हा!" त्यानं बूट उचलून दाखवला, तोल गेला, आणि भिंतीला हात टेकून तो कसाबसा उभा राहिला. "फळी सरकवतो म्हणालास, मी ऐकलं नाही. तुझ्या कामात चूक नाही. एक नाही. तासभर शोधतोय मी!"

बाहेर पंप ठकठकत होता. मुलगी तोंडावर हात ठेवून उभी होती. तपासनिसाच्या हळूहळू ध्यानात आलं, की आपण मघापासून कुणाशी बोलतोय. बोललेलं आता परत गिळता येत नव्हतं. त्यानं आवाज खाली आणला.

"कशाला खोटं बोललास?"

जावयानं खिशातून फडकं काढलं आणि उगाचच अंगठा पुसला.

"चूक नाही निघाली तर तुम्ही माझ्याशी बोलला नसतात. मग तुमचं येणं बंद झालं असतं." त्यानं दाराकडे ओझरतं पाहिलं. "मागे तुम्ही रुसून महिनाभर आला नव्हतात. तेव्हा ही दर रविवारी तुमचं ताट वाढायची आणि तसंच उचलून ठेवायची. मला ते बघवत नाही. बाकी काही नाही."

तपासनिसानं रुमाल काढला आणि रागारागानं नाक शिंकरलं.

"ओतायचं का मग?" मुकादमानं विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली. "पाइप जोडल्याशिवाय कसं ओतणार?"

जावयानं करवतीनं फुटलेला तुकडा कापून काढला. नवा तुकडा मापाला कापला, टोकं घासली, दोन कपलर आणि सोल्युशनचा डबा जवळ घेतला. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

"एक हात लागेल. दोन्ही टोकं एकदम धरावी लागतात."

मुकादम पुढं होणार, तोवर तपासनीस खाली बसला होता. इस्त्रीची पँट, हाडं कुरकुरली, तरी बसला. जावयानं त्याचा हात धरून पाइपावर नेऊन ठेवला.

"इथं धरा. दाबू नका. नुसतं सरळ धरा."

ते नुसतं सरळ धरणं भलतंच अवघड निघालं. इकडून सरळ केला की पाइप तिकडे कलायचा. अडतीस वर्षं त्यानं असल्या पाइपांवर पट्टी आपटली, पेन्सिलीनं खुणा केल्या, लाल शेरे मारले. हातात कधी धरला नव्हता. सोल्युशनचा वास नाकात झोंबतो आणि बोटांची कातडी ताणली जाते, हे त्याला आज कळलं. सळ्या गुडघ्यात रुततात हेही.

"झालं. सोडा," जावई म्हणाला.

"किती वेळ झाला?"

"दोन मिनिटं. पुरे होतात."

"डब्यावर पाच लिहिलंय."

जावयानं डब्याकडे पाहिलं आणि निमूटपणे पुन्हा आपलं टोक धरलं.

दोघं वीतभर अंतरावर समोरासमोर बसले. चार वर्षं न बोलण्याची सवय, ती काय एका आरडाओरड्यानं जाते? जावयानं भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला आणि त्याचं तोंड जरा वाकडं झालं. तपासनिसानं ते लगेच टिपलं. नजर तयार होती.

"रोज असं उकिडवं बसावं लागतं?"

"रोजच."

"गुडघे?"

"गेलेत. उजवा तर जिना चढताना वाजतो."

"दाखवलास कुणाला?"

"वेळ कुठं मिळतो?"

"वेळ मिळत नाही म्हणे! लाटसाहेबच की नाही तू." तपासनिसानं पाइप किंचित सरळ केला. "मंगळवारी नऊ वाजता तयार राहा. माझा एक हाडांचा डॉक्टर आहे. तसा अडाणीच आहे, बोलायची अक्कल नाही, तासभर ताटकळत ठेवतो. पण गुडघे बरे बघतो."

"मंगळवारी माझं दुसरीकडे काम..."

"विचारलं नाही मी. सांगितलं."

"बरं," जावई म्हणाला.

पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मुकादमानं घड्याळ दाखवत तोंड उघडलं, तेव्हा मुलीनं ओठावर बोट ठेवलं आणि त्याला हातानं खूण केली, की अजून थोडं थांबा.